खिडकीजवळची चार भोकं

२ नोव्हेंबर, सोमवार

निवृत्त होऊन दोन दिवस झाले. सकाळी सहाला जाग आली, कुठे जायचं नाही हे आठवलं, पुन्हा डोळे मिटले. झोप काही लागेना. उठले आणि मागची खोली रिकामी करायला घेतली.

ही वही प्रशिक्षण संस्थेतली. 'जॉब डायरी' म्हणतात तिला. फिटरच्या वर्गातल्या प्रत्येकानं ती रोज भरायची, असा माझा एकतीस वर्षं नियम होता. पानावर तीन रकाने छापलेले असतात : काम, अवजारं, चुका. पहिले दोन सगळेच भरतात. तिसरा कोरा ठेवणाऱ्याला मी वर्गासमोर उभं करून विचारायचे, "तू काय देव आहेस?" मी स्वतः मात्र आजवर यात एक ओळ लिहिली नव्हती. उरलेल्या कोऱ्या वह्यांतली एक उचलून आणली.

काम : मागची खोली झाडली. अवजारं : झाडू, फडकं. चुका : नाहीत.

३ नोव्हेंबर, मंगळवार

निरोपाला इतरांना घड्याळं मिळतात. मला वर्गानं बेंच व्हाइस दिला, लोखंड जबड्यात आवळून धरणारा शिकंजा. सहा इंची, बिडाचा, नवा कोरा, अजून ग्रीसचा वास येणारा. दोघांनी मिळून तो घरात आणला आणि मधल्या खोलीत ठेवला, तेव्हापासून तो तिथेच बसला आहे. ह्यांनी त्याच्यावर टॉवेल वाळत घातला होता. मी काढला.

घरात आम्ही दोघंच, मी आणि हे. लेक दूर राहते. हे तीन वर्षांपूर्वी छापखान्यातून निवृत्त झाले. मुद्रितशोधक होते. उभा जन्म दुसऱ्यांच्या चुकांवर पेन्सिलीनं खुणा करण्यात गेला आणि ती सवय अजून सुटलेली नाही. सकाळी मागच्या खोलीत खिडकीखाली खुर्ची टाकून बसतात, पेपर उघडतात आणि कानावरची पेन्सिल काढून त्यातही खुणा करतात. कुणाला पाठवायच्या असतात म्हणून नाही. हात शिवशिवतो म्हणून.

पहिलं काम ठरलं. कोपऱ्यावरच्या वाचनालयाच्या बाईंना नव्या फळ्यांसाठी सोळा लोखंडी ब्रॅकेट हवेत. महिनाअखेर द्यायचे. बाजारातले आणा म्हणाल्या असत्या तर आणले असते कुणीही. त्यांना मी केलेले हवेत. ऐकून छाती फुगली, खोटं कशाला लिहू? निवृत्तीनंतर बाई घरी बसल्या, असं माझ्याबद्दल कुणी म्हणायचं नाही. हे सोळा ब्रॅकेट वेळेत आणि काटकोनात गेले की प्रश्न मिटला.

५ नोव्हेंबर, गुरुवार

आज वाद झाला. आमच्या घरात वाद म्हणजे मी बोलते आणि हे चष्मा पुसतात. आज मात्र हेही बोलले.

खोली अशी आहे. लांबट, दहा फूट बाय आठ. आत शिरायचं दार अलीकडच्या भिंतीत, उजव्या टोकाला. समोरच्या भिंतीत खिडकी, एकच. डाव्या भिंतीला लागून बेंच येणार, दाराकडच्या काळोख्या कोपऱ्यापासून थेट खिडकीपर्यंत. प्रश्न एवढाच की बेंचच्या कुठल्या टोकाला व्हाइस बसवायचा. खरं तर हा प्रश्नच नाही. कानस मारताना जॉबवर, म्हणजे हातातल्या लोखंडावर, उजेड हवा, तोही खिडकीचा. ट्यूबच्या उजेडात आपल्याच हाताची सावली पडते. व्हाइस बेंचच्या पायाच्या बरोबर वर हवा, म्हणजे ठोकताना बेंच नाचत नाही. त्याचा जबडा बेंचच्या कडेच्या जरा बाहेर हवा, म्हणजे लांब पट्टी उभी धरता येते. हे मी झोपेतही सांगेन.

हे म्हणाले, "दाराकडच्या कोपऱ्यात लाव ना. तिथून कुणाची ये-जा नाही."

"तिथे काळोख आहे."

"दिवा लावू तुला चांगला."

"मग तुम्हीच बसा की दिव्याखाली! पेपर काय, कुठेही वाचता येतो."

ह्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "खिडकी मला राहू दे."

सकाळपासून तिसऱ्यांदा हेच म्हणाले. चौतीस वर्षांच्या संसारात ह्यांनी कुठल्या गोष्टीचा हट्ट धरल्याचं मला आठवत नाही. आणि धरला तोही खुर्चीसाठी! मी म्हटलं, खुर्ची दोन हात उजवीकडे सरकवू, खिडकी दोघांची. त्यावर, "बरं. तू म्हणशील तसं."

जिंकले. का कोण जाणे, मजा आली नाही.

८ नोव्हेंबर, रविवार

सुतारानं बेंच आणला. भक्कम आहे, पण उंची स्वयंपाकाच्या ओट्याएवढी. मी म्हटलं, यावर व्हाइस चढला की जबडा माझ्या खांद्याला लागेल. तो म्हणाला, "ताई, सगळ्या घरांत हीच उंची करतो मी." मी त्याला हिशेब दाखवला. व्हाइसच्या जबड्यावर कोपर टेकवायचं, मूठ वळायची, ती हनुवटीखाली अलगद लागली पाहिजे. त्यानं स्वतःचं कोपर टेकवून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग मुकाट्यानं चारही पाय कापले. जाताना म्हणाला, "चाळीस वर्षं सुतारकी करतोय, माझा बेंच कुणी असा कापायला लावला नव्हता." मी त्याला चहा दिला.

९ नोव्हेंबर, सोमवार

बसला! चार भोकं पाडली, आरपार बोल्ट घातले, खालून मोठे वायसर आणि दुहेरी नट. घट्ट आवळल्यावर सगळा भार टाकून हलवून पाहिला. केसभरही हलला नाही. कोपर टेकवलं, मूठ हनुवटीला लागली. खिडकीतून ऊन सरळ जबड्यावर. एवढा नेमका बसवलेला व्हाइस संस्थेतही नव्हता.

ह्यांना बोलावून दाखवला. हे जवळ आले, हात पुढे करून जबड्यावरून, हँडलवरून, खालच्या बोल्टांपर्यंत बोटं फिरवली. "छान बसलाय," म्हणाले. डोळ्यांनी बघायचं सोडून चाचपायला काय तो आंबा आहे? पण कौतुक करताहेत तर करू द्यावं.

चुका : नाहीत.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

पट्टी कापली, तीन ब्रॅकेट वाकवले, दोनांच्या कडा घासून झाल्या. हात विसरलेला नाही.

सकाळी हे खुर्चीकडे जाताना व्हाइसच्या हँडलवर आदळले. चहा सांडला. म्हटलं, "एवढं मोठं धूड दिसत नाही का?" म्हणाले, "नवीन आहे, सवय नाही." खरं आहे. सवय व्हायला वेळ लागतो.

१५ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा आदळले. काल दोनदा, आज एकदा. हा माणूस पूर्वीपासून जरा धांदरट, पण इतका? दुपारी जमिनीवर नट पडला, ह्यांच्या डाव्या पावलाशीच. म्हटलं, द्या बरं उचलून. "कुठे आहे?" म्हणत उजवीकडे शोधत बसले. शेवटी मीच वाकले. निवृत्त पुरुषासारखा आळशी प्राणी नाही.

सहा ब्रॅकेट तयार.

१६ नोव्हेंबर, सोमवार

यावर उपाय केला. संस्थेत धोक्याच्या जागी लाल फडकं बांधायचो, तसं हँडलच्या टोकाला जुन्या ब्लाऊजचं लालभडक कापड बांधलं. आता आंधळ्यालाही दिसेल.

१८ नोव्हेंबर, बुधवार

आज जे झालं त्याचा राग अजून गेलेला नाही.

सकाळी हे आत आले आणि लाल फडक्यासकट हँडलवर सरळ जाऊन आदळले. इतक्या जोरात की हँडल फिरलं आणि जबड्यात धरलेला ब्रॅकेट खाली पडला. माझा तोल गेला. मी म्हटलं, "तुम्ही मुद्दाम करताय. खिडकी घेतली म्हणून रोज येऊन धडका मारताय. सरळ तोंडानं भांडा की!"

हे मांडी चोळत उभे राहिले. क्षणभर वाटलं, नाही म्हणतील. मग हळूच म्हणाले, "हो. मुद्दाम करतोय."

मुद्दाम! ह्यांनी आजवर मुंगीशीही वाकडेपणा केलेला नाही. माझ्या बढतीच्या वेळी ह्यांचे मित्र ह्यांना चिडवायचे, "घरात साहेब कोण?" तेव्हा हेच हसून सांगायचे, "साहेब ती, मी बाबू." आणि आता एका खुर्चीपायी डूख धरला? दिवसभर बोलले नाही. ह्यांनी दोनदा चहा विचारला. नको म्हटलं.

चुका : माझ्या नाहीत.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

दहा झाले. नमुना दाखवायला वाचनालयात गेले. बाईंनी ब्रॅकेटवर फळी ठेवून पाहिली आणि अगदी समाधानानं मान हलवली. निघताना म्हणाल्या, "तुमचे यजमान हल्ली पुस्तकं नेत नाहीत. चार महिने झाले. मध्ये एकदा आले होते, मोठ्या अक्षरांतलं काही आहे का म्हणून विचारत होते. लहान मुलांच्या कपाटातलं दिलं तर हसले आणि ठेवून गेले."

मी म्हटलं, ते आता पेपरच वाचतात. बाहेर पडल्यावर वाटलं, रद्दीतला पेपर पाहावा एकदा.

२२ नोव्हेंबर, रविवार

रद्दी काढली. वर्षभराचे पेपर. वरच्या चार महिन्यांच्या गठ्ठ्यात एकही पेन्सिलीची खूण नाही. खाली जुन्या अंकांत प्रत्येक पानावर ह्यांच्या खुणा, समासात ते बारीक वळण, रेघ, फुली. वर कोरं. मधल्या काही अंकांत खुणा आहेत, पण फक्त उजव्या बाजूच्या मजकुरात.

पेपरवाल्यांनी चुका करणं सोडलं असेल, असं एकदा मनात आलं. मग माझंच मला हसू आलं. पण त्या उजव्या बाजूच्या खुणांचं काय, ते काही कळेना. ह्यांना विचारावं तर आमचा अबोला चालू. अबोला मीच धरलेला, तो मीच सोडणार कसा?

२४ नोव्हेंबर, मंगळवार

आज कळलं.

सकाळी अंघोळीनंतर हे पंचा गुंडाळून तेल शोधत होते. ह्यांच्या डाव्या मांडीवर लक्ष गेलं. डाग. काळे, निळे, पिवळे, एकावर एक, सगळे एकाच उंचीवर. माझ्या हँडलच्या उंचीवर. मी मोजले. अकरा.

एकतीस वर्षं मी जॉबवरच्या खुणा वाचल्या. कुठे कानस घसरली, कुठे मुलानं घाई केली, कुठे लपवायला वरून पॉलिश मारलं, सगळं खुणांवरून सांगायचे. या खुणा माझ्यासमोर होत्या आणि मी मांडीकडे बघत उभी होते. मुद्दाम धडकणारा माणूस इतक्या जोरात धडकत नाही. शेवटच्या क्षणी अंग आकसतंच. इथे आकसलेलं नव्हतं. आणि सगळे वार डाव्या बाजूला. नट डावीकडे पडला होता. पेपरातल्या खुणा उजवीकडे होत्या.



ह्यांना खुर्चीत बसवलं. म्हटलं, खिडकीच्या कडीकडे बघायचं, मान हलवायची नाही. पिवळ्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि मागून उजवीकडून हळूहळू पुढे आणला. "दिसला," म्हणाले, कानाच्या जरा पुढे आला तेव्हा. मग डावीकडून. कान गेला, भुवई गेली, गाल गेला. माझा हात ह्यांच्या नाकासमोर यायला आला. हे कडीकडेच बघत होते.

"अहो, सांगा ना."

"आणलास का?" म्हणाले. "पुन्हा कर. लक्ष नव्हतं माझं."

लक्ष होतं. दोघांनाही ठाऊक होतं. मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले. लोखंडाच्या किसात बसले, साडी खराब झाली.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून जाणवतंय. आधी वाटलं चष्मा बदलला की होईल."

"मग डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"गेलो की ते सांगणार. सांगितलं की खरं झालं." खिडकीकडे बघत बोलत होते. "आणि तुझी निवृत्ती आली. तुझं वर्कशॉपचं दोन वर्षं चाललं होतं. मी आधी बोललो असतो तर तू व्हाइस बांधून ठेवला असतास आणि मला सांभाळत बसली असतीस. ओळखतो मी तुला."

"आणि मुद्दाम करतोय म्हणालात, ते?"

"तू चिडलीस ते चाललं गं. तुला माझी कीव आली असती, ते मला चाललं नसतं."

मी रडले. ह्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण जरा बाजूला पडला, कानावर. तिथेच राहू दिला.

२५ नोव्हेंबर, बुधवार

डोळ्यांच्या डॉक्टर तरुण आहेत, स्पष्ट बोलतात. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांना, डाव्या बाजूची नजर जास्त गेलेली. गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते राखता येईल, थेंब वेळेवर घातले तर. रोज, जन्मभर, न चुकता. वाचताना भरपूर उजेड हवा, शक्यतो दिवसाचा.

ह्यांनी विचारलं, "खिडकीतला?"

"तो तर उत्तमच," डॉक्टर म्हणाल्या. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भला माणूस. दुसऱ्या कुणी पाहिलं असतं.

न चुकता म्हणे. संस्थेतल्या चौदा मशीनना तेल द्यायची वेळ मी एकतीस वर्षं चुकवली नाही. दोन डोळ्यांची काय चुकवीन? येतायेता लेकीला फोन केला. ती रडायला लागली, तर ह्यांनीच फोन घेऊन तिला सांगितलं, "अगं, तुझ्या आईनं निदान केलं. स्क्रू ड्रायव्हरनं."

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

व्हाइस काढला. दुहेरी नट इतके घट्ट बसवले होते की सोडवायला सकाळ गेली. स्वतःच्या हातच्या कामाला शिव्या देत होते.

सुतार आला होता. म्हटलं, दाराकडच्या कोपऱ्यात नेतेय. तिथेही बेंचचा पाय आहे, वर बसेल नीट. तो म्हणाला, "ताई, तुम्हीच म्हणाला होतात तिथे काळोख." म्हटलं, मी बरंच काही म्हणते. त्यानं वरती एक आणि डावीकडे एक असे दोन दिवे लावून दिले, हलणाऱ्या दांड्यांचे, म्हणजे एकाची सावली दुसरा खातो. चालू करून कानस मारून पाहिली. चालतं की! मुलांना मी जे शिकवत होते ते चूक नव्हतं. पण त्या धड्यातल्या खोलीत खिडकी लागणारं दुसरं माणूस नव्हतं.

दारातून खिडकीपर्यंत आता मोकळी वाट आहे. खुर्ची होती तिथे परत गेली. बेंचच्या त्या टोकाला चार भोकं राहिली. सुतार म्हणाला, लाकडाच्या खुंट्या ठोकून बुजवू. नको म्हटलं. असू देत. मला दिसायला हवीत.

३० नोव्हेंबर, सोमवार

आज ब्रॅकेट द्यायचा शेवटचा दिवस होता. सोळावा ब्रॅकेट अकराला झाला.

कोपऱ्यात एकच अडचण आहे. काटकोन तपासायला गुण्या लावून ती फट उजेडासमोर धरून बघावी लागते आणि त्यासाठी खिडकीच हवी. म्हणून एकेक ब्रॅकेट घेऊन मी ह्यांच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहायचे. दहा पास झाले. अकरावा गुण्याला लावून पाहिला, पास. बाजूला ठेवणार, तर हे म्हणाले, "बघू."

हातात घेतला. डोळे मिटले आणि आतल्या कडेवरून बोट फिरवलं, सावकाश, ओळ वाचतात तसं. परत मागे नेलं.

"इथे उंच आहे."

"शक्य नाही. आत्ता गुण्या लावला मी."

"इथे," म्हणाले. कानावरची पेन्सिल काढली आणि लोखंडावर, बोटाच्या शेजारी, त्यांची ती छापखान्यातली खूण केली. बारीक वळण, रेघ, फुली. चार महिन्यांत पहिली.

मी गुण्या पुन्हा लावला, बरोबर खुणेच्या जागी. खिडकीसमोर धरला. केसाइतकी उजेडाची रेघ, एका टोकाला. मी मघाशी मध्यभागी लावला होता.

एकतीस वर्षं मुलांना ओरडून सांगायचे, डोळ्यावर विसंबू नका, बोटानं बघा. असं बोट घरातच होतं आणि मी ब्रॅकेट त्यांना कधी हातात दिला नव्हता.

"बाकीचेही आण," हे म्हणाले. "सोळाच्या सोळा."

सगळे तपासून झाले तेव्हा चहा झाला होता. ह्यांनी पेन्सिल कानावर ठेवली नाही. हात पुढे करून बेंचवरचं एक भोक चाचपलं आणि पेन्सिलीला कागद गुंडाळून ती त्यात उभी केली. बरोबर बसली. तीन वाजता ब्रॅकेट वाचनालयात पोचवले. बाईंनी विचारलं, एवढे सारखे कसे आले? म्हटलं, आमच्याकडे शोधक आहे. येताना मोठ्या अक्षरांचं एक पुस्तक आणलं. मोठ्या माणसांच्या कपाटातलं.

काम : सोळा ब्रॅकेट.

अवजारं : व्हाइस, कानस, गुण्या, ह्यांचं बोट.

चुका : दोन. अकरावा ब्रॅकेट आतून केसभर उंच, ह्यांनी शोधला, दुरुस्त केला. दुसरी, व्हाइसची जागा. तीही ह्यांनीच पाच तारखेला दाखवली होती. मी पास म्हणून सही करून टाकली होती.